क्वार्ट्झसाइटचा हिवाळा: वाळवंटातले शेजारी आणि मोटरहोमची न संपणारी कामं

रानजाई

डिसेंबर लागला की इथे कुणीतरी विचारतंच, मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेतलंय, थंडीत कुठे न्यावं? मागच्या धाग्यात मी क्वार्ट्झसाइट म्हटलं आणि लगेच "तिथे बघण्यासारखं काय आहे?" असा प्रश्न आला. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. लोक तिथे येऊन बसतात, गप्पा मारतात आणि मधल्या वेळात गाडीवर चढून काहीतरी ठोकत असतात. आम्ही दोघं काही वर्षं जातोय ते त्याच्यासाठीच.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून साधारण २० मैलांवर, आय-१० आणि यूएस-९५ हे महामार्ग एकमेकांना छेदतात तिथलं हे गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती २४०० च्या आसपास. उन्हाळ्यात पारा ४५ सेल्सिअसपर्यंत जातो, तेव्हा तिथे शहाणं माणूस फिरकत नाही. जानेवारीत मात्र दिवसा विशीच्या आसपास आणि रात्री पाचेक अंश. कॅनडा, मिनेसोटा, मिशिगनकडची निवृत्त मंडळी बर्फाला कंटाळून खाली उतरतात आणि गावाभोवतीचा माळ पांढऱ्या गाड्यांनी भरून जातो.

राहायचे दोन मार्ग. भोवतालची बहुतेक जमीन केंद्र सरकारच्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या जमीन खात्याची. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा मोठा पट्टा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी पाहुण्यांसाठी असतो. पूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलर, १४ दिवसांचा ४०, असा दर वर्षानुवर्षं होता. निघण्यापूर्वी खात्याच्या साइटवर बघून घ्या. त्यात पाणी भरायची, कचरा टाकायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय मिळते. दुसरा मार्ग फुकटचा. प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश, रोड रनर अशा ठिकाणी १४ दिवसांपर्यंत राहता येतं, पण पाणी, डंप (टाक्या रिकाम्या करणं) सगळं गावात जाऊन विकत. विजेचं कनेक्शन दोन्हीकडे नाही. जे काही आहे ते तुमच्या छतावर आणि बॅटरीत.

जानेवारीच्या उत्तरार्धात मोठ्या तंबूतला आरव्ही शो (मोटरहोम-ट्रेलरचं प्रदर्शन) भरतो. दगड-खनिजांचा पाव वाव शो त्याहून जुना, १९६७ पासूनचा. नवख्या माणसाला वाटतं शो हेच मुख्य. शो एका दिवसात बघून होतो, आणि त्यातला अर्धा दिवस न चिकटणारे तवे आणि पाठ चोळायची यंत्रं विकणाऱ्यांना नको म्हणण्यात जातो. खरी जत्रा तंबूबाहेर. एकाच बनावटीच्या जुन्या मोटरहोमवाल्यांचे गोल, हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौशी रेडिओ संपर्कवाल्यांचं, क्वार्ट्झफेस्ट, गारगोट्या वेचणारे, एकट्याने फिरणारे, व्हॅनमध्ये राहणारी तरुण मंडळी. बॉब वेल्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं रबर ट्रॅम्प राँदेव्हू, म्हणजे गाडीतच राहणाऱ्यांचा मेळावा, याच भागात वाढलं.

दुपारी चारच्या सुमारास खुर्च्या बाहेर निघतात. आपली खुर्ची, आपला पेला आणि जमलं तर सगळ्यांत फिरवायला एक ताटली घेऊन जायचं. आडनाव, नोकरी, कुठल्या गावचे, यातलं कुणी काही विचारत नाही. पहिला प्रश्न "सोलर किती वॅट?" आणि दुसरा "छत कुठे गळतं?"

मी राहते त्या गल्लीत पलीकडच्या घरात कोण राहतं हे मला आजही धड माहीत नाही. इथे गाडीला शिडी लावली की खाली दोन माणसं उभी राहिलीच म्हणून समजा. एकाच्या हातात कॉफी, दुसऱ्याच्या हातात तुमच्याकडे नेमका नसलेला पान्हा. गेल्या खेपेला नवरा पाण्याच्या पंपाशी झटापट करत होता. पंप थांबायचाच नाही, दर थोड्या वेळाने आपोआप गुरगुरायचा. पलीकडच्या ट्रेलरमधले कॅनडातल्या सस्कॅचवानचे शेतकरी आजोबा आले, कान लावला आणि म्हणाले की पंप ठीक आहे, दाब कुठेतरी निसटतोय, आधी गळती शोधा. गळती संडासाच्या झडपेला होती. आजोबा तिथून हलले ते रात्री जेवूनच. पिठलं त्यांना जरा जास्तच आवडलं.

म्हणून जाणाऱ्यांना माझा सल्ला उलटा आहे. गाडी शंभर टक्के तयार करून जाऊ नका. ब्रेक, टायर, गॅस हे घरीच बघा, त्यात गंमत नाही. पण एखादं छोटं, जीवघेणं नसलेलं काम मुद्दाम शिल्लक ठेवा. माणसं त्या कामाला येतात, तुम्हाला भेटायला येत नाहीत. भेट त्यात आपोआप होते.

तुमचे अनुभव लिहा. या वर्षी कोण कोण येणार आहे तेही सांगा.

पाना_पक्कड

फीनिक्सला राहतो, त्यामुळे हे गाव मला आमच्या अंगणातलं. ताई, लेख आवडला पण "काम शिल्लक ठेवा" हे वाचून काही उत्साही लोक अख्खा फ्रिज काढायचा बेत करून येतील, म्हणून आधीच सांगतो. दर वर्षी एक तरी माणूस दिसतो ज्याने जुना गॅसवरचा फ्रिज बाहेर काढून ठेवलाय, नवा दारातून आत जात नाही, आणि खिडकी उतरवावी का यावर सहा जणांची सभा भरलीय. तोवर दूध-भाज्या शेजाऱ्यांच्या फ्रिजांत.

गावात आरव्हीचे सुटे भाग मिळतात, पण हंगामात जो लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी), जो फिटिंग तुम्हाला हवा तोच संपलेला असतो. पार्करचं वॉलमार्ट उत्तरेला ३५ मैल. त्यामुळे नियम साधा. जे काम अर्धवट सोडून रात्री झोपता येतं तेच तिथे काढा. दिवे बदलणं, सोलर पॅनेल उचलायचे ब्रॅकेट, कपाटाचे खटके, मच्छरजाळी, शॉवरचा नळ. छताचं सीलिंगसुद्धा चालेल, हवा कोरडी असते. पण वारा पडलेला दिवस बघा, नाहीतर सीलंटवर वाळूचा थर बसतो आणि छत खरकागद होतं.

आणि हात जोडून विनंती, रबरी छतावर हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन लावू नका. आज गळती थांबेल. उद्या त्यावर दुसरं काहीही चिकटणार नाही आणि सगळं खरवडत बसावं लागेल. सपाट भागाला आपोआप पसरणारा लॅप सीलंट, उभ्या कडांना न ओघळणारा. दोन्ही वेगळे मिळतात.

दुपारची_झोप

मी पुण्यात बसून हे वाचतोय आणि मला मूलभूत प्रश्न पडलाय. हजारो डॉलर खर्चून, स्वतः गाडी चालवत, नळ नसलेल्या ओसाड माळावर जायचं आणि तिथे सुट्टीत प्लंबिंग करायचं. याला श्रीमंती म्हणायचं की प्रायश्चित्त? (हलके घ्या.)

रानजाई

@दुपारची_झोप, हलकेच घेतलं. आमची गाडी वीस वर्षांची जुनी क्लास-सी (मध्यम आकाराचं मोटरहोम) आहे, श्रीमंतीचा संशय मिटला असेल. प्रायश्चित्त म्हणाल तर रविवारी मॉलमध्ये पार्किंग शोधणं हे मला जास्त मोठं वाटतं.

@पाना_पक्कड, फ्रिजबद्दल दोनशे टक्के सहमत. "छोटं" हा शब्द ठळक समजावा.

शून्य_अंश

सोलरचा विषय निघालाच आहे तर आकडे बघू, कारण तिथे गप्पांत आकडे फार फुगवतात.

क्वार्ट्झसाइटचं अक्षांश साधारण ३३.७. जानेवारीच्या मध्यावर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलवर थेट ऊन तिरपं पडतं आणि त्याचा जेमतेम ५७ टक्के भाग कामी येतो. सकाळ-संध्याकाळ त्याहून कमी. ४०० वॅटची पॅनेल आडवी ठेवली तर निरभ्र दिवसाला हातात साधारण एक युनिट पडतं. तीच दक्षिणेकडे तोंड करून ५०-५५ अंशांत उचलली तर दीड ते पावणेदोन. नवी पॅनेल घेण्याआधी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि चार बोल्ट घ्या. हे खास तिथे करण्याजोगं काम आहे. पण वारा सुटला की पॅनेल खाली घ्यायची. उचललेलं पॅनेल शीड होतं आणि बोल्टसकट छत मागतं.

खर्चाची बाजू. थंडीत हीटरचा पंखा रात्रभरात पाव ते अर्धं युनिट खातो, गॅस वेगळा. १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज दिवसाला अर्धं ते एक युनिट. १०० अँपिअर-तासांची जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला मिळतं साधारण ०.६ युनिट. त्याच आकाराच्या लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये जवळपास १.३ युनिट आणि ते बहुतेक सगळं वापरता येतं. हिशेब इथेच संपतो, म्हणून सगळे लिथियमकडे वळलेत.

टेक्सासचा_सातारकर

शून्यराव, मग आमी काय म्हंतो, जुन्या बॅटऱ्या काढायच्या आन् त्याच जागी लिथियम ठेवायच्या, बास की. दुकानदार तर म्हनतो "ड्रॉप-इन" हाय. तुमी लोक उगं अवघड करताय.

शून्य_अंश

@सातारकर, जागेवर बसते हो, प्रश्न बसण्याचा नाही.

एक, जुना कन्व्हर्टर-चार्जर लेड-अ‍ॅसिडच्या व्होल्टेजवर लावलेला असतो. लिथियम त्यावर पूर्ण भरत नाही. लिथियमची सेटिंग असलेला चार्जर लागतो.

दोन, आणि हे महत्त्वाचं. लेड-अ‍ॅसिड भरत आली की स्वतःच हात आखडते. लिथियम मिळेल तेवढा करंट शेवटपर्यंत ओढत राहते. इंजिनचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) थेट जोडलेला असेल आणि तुम्ही गाडी नुसती चालू ठेवून बॅटरी भरत बसलात, तर अल्टरनेटरला ना वारा ना वेग, तो तापून जातो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर टाका. ३० अँपिअरचा म्हणजे साधारण ४०० वॅट, तेवढे पुरे.

तीन, मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला खेटून, लिथियमसाठी क्लास-टी प्रकारचा. शॉर्ट झालं तर या बॅटरीतून हजारो अँपिअर धावू शकतात, हलका फ्यूज वितळूनही ठिणगी तोडू शकत नाही.

चार, शून्य सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नसते. क्वार्ट्झसाइटला सहसा प्रश्न येत नाही, पण परतताना फ्लॅगस्टाफवरून गेलात तर ते ७००० फुटांवर आहे. थंडीत चार्जिंग तोडणारं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आहे ना, हे घेतानाच विचारा.

टेक्सासचा_सातारकर

आसं हाय व्हय. मंग दुकानदारानं ह्यातलं एक बी का नाय सांगितलं?

पाना_पक्कड

कारण त्याला बॅटरी विकायची आहे, अल्टरनेटर तुमचा आहे.

शब्दवेल्हाळ

अवांतर: क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. ती हाय जॉलीची समाधी, म्हणजे हाजी अलीची. १८५० च्या दशकात अमेरिकी सैन्याने नैर्ऋत्येच्या वाळवंटात सामान वाहायला उंट आणून बघितले. त्यांच्यासोबत उस्मानी साम्राज्यातून काही उंटवाले आले, त्यातला हा एक, १८५६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरलेला. सैनिकांना हाजी अली नीट म्हणता येईना, झाला हाय जॉली. यादवी युद्धाच्या धामधुमीत प्रयोग बारगळला, उंट विकले गेले, काही मोकळे सुटले. हा गडी मात्र इकडेच राहिला, १९०२ साली वारला, आणि १९३० च्या दशकात राज्याच्या महामार्ग खात्याने हे स्मारक बांधलं. बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांनी निदान उंटाला तरी भेटून यावं.

अति अवांतर: तिथल्या रीडर्स ओअ‍ॅसिस या पुस्तकांच्या दुकानाचे मालक पॉल वाइनर अंगावर जवळजवळ काहीच न घालता गल्ल्यावर बसत. २०१९ मध्ये गेले. पुस्तकांचा संग्रह मात्र भरपूर कपड्यातला होता.

रानजाई

@शब्दवेल्हाळ, उंट राहिलाच की माझ्याकडून. माझ्या लेखात त्याला जागा मिळाली नाही, धाग्यात मिळाली, बरं झालं.

एकटी_निघाले

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते, वय पंचावन्न, छोटी व्हॅन आहे, एकटी फिरते. दोन प्रश्न. एकट्या बाईला तिथे सुरक्षित वाटतं का? आणि मला स्वतःहून लोकांत जाऊन बोलणं जमत नाही. तिथे कुणी गटात घेतं का, की आधीपासूनची टोळकी असतात?

रानजाई

@एकटी_निघाले, टोळकी असतात, पण दारं उघडी असतात. एकट्याने फिरणाऱ्या बायकांचे स्वतंत्र गोल आहेत आणि सुरुवातीला तिथे जाणं सगळ्यात सोपं. फुकटच्या जागांपेक्षा पहिल्यांदा ला पोसातच राहा. यजमान म्हणून राहणारे स्वयंसेवक असतात, रेंजर फेरी मारतात, माणसांची सवय होते.

न बोललेले काही संकेत सांगते. दाराबाहेर खुर्ची आणि दार उघडं असेल तर खुशाल हाक मारावी. पडदे ओढलेले असतील तर नाही. मोकळ्या माळावर कुणाच्या अगदी शेजारी गाडी लावायची नाही, लांब लावा, मग चालत जा. ओळख चालत गेल्यावर होते, चाकाला चाक लावून होत नाही. रात्री १० ते सकाळी ६ जनरेटर बंद. जनरेटरचा धूर ज्याच्या खिडकीत जाईल तो तुमचा मित्र होणार नाही.

आणि बोलायला जमत नसेल तर हातात काहीतरी सुटा भाग आणि गोंधळलेला चेहरा घेऊन बाहेर बसा. बाकी तेच बोलतील.

मुलुंड_ते_मिनियापोलिस

माझा थोडा वेगळा सूर. गोंधळलेला चेहरा घेऊन बसलं की काही वेळा बाई म्हणून हातातला पाना काढून घेतात आणि स्वतःच काम करून टाकतात. वाईट हेतू नसतो, पण आपण शिकत नाही. मी सरळ सांगते, "तुम्ही सांगा, हात माझे." बहुतेकांना ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांची करमणूक संपते आणि ते पुढच्या गाडीकडे जातात.

तिथे मी क्रिंपिंग (वायरला टोक दाबून बसवणं) शिकले ते एका सत्तरीच्या बाईंकडून. आयुष्यभर विमानांच्या वायरिंगवर काम केलेल्या. त्यांनी माझे आधीचे सगळे जोड ओढून बघितले, निम्मे हातात आले. काही न बोलता ते पुन्हा करायला लावले.

रानजाई

@मुलुंड, हे शंभर टक्के. "हात माझे" मी आता चोरणार.

बोरीची_सावली

आईबाबा जानेवारीत येतायत, बाबा ७४. भाड्याने मोटरहोम घेऊन चार-पाच दिवस न्यावं असं मनात आहे. झेपेल का?

पाना_पक्कड

झेपेल, पण काही गोष्टी बघा. गावात मोठं रुग्णालय नाही. एक पार्करला आहे, गंभीर काही असेल तर फीनिक्स, म्हणजे सव्वाशे मैल. औषधं जास्तीची घ्या. अ‍ॅरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, धुळीतून फुप्फुसात जाते. बहुतेकांना काही होत नाही, पण वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी वारा-धुळीत आत बसावं. परतल्यावर ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना "अ‍ॅरिझोनाला गेलो होतो" हे आवर्जून सांगा.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका, कितीही सपाट दिसलं तरी. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. आणि भाड्याच्या गाडीचा करार वाचा, बऱ्याच कंपन्यांना कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालत नाही.

पाण्याचंही आईबाबांना आधी समजावा. आपल्या लोकांचा भांडी घासताना नळ सोडून देण्याचा जो प्रकार असतो, त्याने ताजी टाकी रिकामी आणि सांडपाण्याची भरलेली, दोन्ही एकाच दुपारी होतं. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची. सांडपाणी जमिनीवर सोडायचं नाही, "झाडालाच घातलं" हे कारण रेंजर ऐकत नाही.

बोरीची_सावली

धन्यवाद! बाबा सोडावॉटर कंपनीत नोकरीला होते, पाण्याचा हिशेब तेच ठेवतील. आईचा प्रश्न: मिक्सर चालेल का?

शून्य_अंश

चालेल. ७५० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवला तर ऊर्जा नगण्य, फक्त इन्व्हर्टर तेवढा झटका सोसणारा हवा. इंडक्शन मात्र नको. १८०० वॅटला बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर जातात. कुकर गॅसवरच लावा.

तिळगूळवाली

जानेवारीचा विषय आहे आणि अजून संक्रांत कुणी काढली नाही? आम्ही शोच्या आठवडाभर आधी पोचतो, म्हणजे १४ तारीख तिथेच. गेल्या वर्षी गुळाची पोळी जमली नाही, लाडू मात्र वळले आणि गोलात फिरवले. एक सूचना: देण्याआधी तीळ आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारा, तिकडे ती बऱ्याच जणांना असते. "गोड बोला"चा अर्थ सांगितल्यावर ओरेगनच्या एका आजींनी विचारलं की नवऱ्यासाठी एक जादा मिळेल का, त्यांना गरज जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांनी आमच्या टायरवरचे आकडे वाचून दाखवले. टायरवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती, पण रबराला बाजूने चिरा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात म्हणे. फीनिक्सला जाऊन सगळे बदलले.

कोपऱ्यातला_उंदीर

आयडीला साजेसा प्रतिसाद देतो. रात्री तिथे फिरलात तर दिसेल की निम्म्या गाड्यांची बॉनेटं उघडी आणि आत दिव्यांच्या माळा. पहिल्यांदा मला वाटलं सगळ्यांच्याच गाड्या बंद पडल्यात. ते वाळवंटी घुशींसाठी. पॅक रॅट म्हणतात, इंजिनच्या उबेत घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. उजेड आणि उघडी जागा त्यांना नको असते. काही जण म्हणतात काही उपयोग नाही, घुशी उजेडात जेवतात. पण निदान सकाळी बॉनेटमध्ये डोकावायची सवय लागते.

दुपारची_झोप

म्हणजे आता प्लंबिंग, वायरिंग, म्हाताऱ्यांचे टायर आणि घुशी. मी तिकीट बघतोय हे कुणाला सांगू नका.

नाशिकची_हवा

आपल्याकडे असं काही का होत नाही? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. मी स्वतः जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करायच्या विचारात आहे. कच्छच्या रणात किंवा कोकणच्या सड्यावर अशी चार टाळकी जमली तर?

पाना_पक्कड

जमतील, पण गाडीचं आधी कागदावर बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आत उचलून बाहेर ठेवता येईल असं फर्निचर आणि कायम बसवलेला संडास-गॅस यात आरटीओच्या दृष्टीने फार फरक पडतो. आधी आरटीओत विचारा, मग सुतार बोलवा.

आणि एक फरक. क्वार्ट्झसाइट चालतं कारण हजारो एकर सरकारी जमिनीवर जवळजवळ फुकट महिनोन्महिने राहायला कायद्याने मुभा आहे. माणसं आपल्याकडेही आहेत, पान्हेही आहेत. गाडी लावून निवांत बसू देणारी जागा तेवढी नाही.

नाशिकची_हवा

हे पटलं. वेगळा धागा काढतो.

मुलुंड_ते_मिनियापोलिस

या वर्षी कोण येतंय ते ठरवा ना. जागा ठरली तर बरं, सगळ्या गाड्या पांढऱ्या, एकमेकांना शोधताना जीव जातो.

रानजाई

आम्ही ला पोसा साउथमध्ये, डंपच्या रांगेपासून जरा लांब. उंच काठीला भगवा आणि त्याखाली निळ्या दिव्यांची माळ लावू. अक्षांश-रेखांश पोचल्यावर इथे टाकते. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करा, चारची बैठक अ‍ॅरिझोनाच्या वेळेने. आणि डिझेल-पेट्रोल हद्द ओलांडल्यावरच भरा, कॅलिफोर्नियात महाग पडतं. लाकडं आणलीत तर खिळे असलेली पॅलेट नकोत, राखेतले खिळे पुढच्याच्या टायरमध्ये जातात.

आमचं या वर्षीचं शिल्लक ठेवलेलं काम: पॅनेल उचलायचे ब्रॅकेट आणि नवा बसबार (बऱ्याच वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी). @शून्य_अंश, तुम्ही येणार असाल तर वायर तुमच्यासमोरच कापेन.

शून्य_अंश

येतोय, शोच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत. हायड्रॉलिक क्रिंपर आणतो. बसबारचे खुंट ५/१६ इंचाचे आहेत की ३/८ चे ते मोजून इथे लिहा, त्या मापाचे लग फीनिक्सला असतानाच घेता येतील.

रानजाई

३/८. वायर २/० गेजची (जाडीचं माप), आठ लग लागतील.

पाना_पक्कड

दहा घ्या. दोन जण तरी मागायला येतील.